धुराड्याकडची बाजू

आमच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे : ‘पडद्याला बोट लावू नये.’ पाटी मीच लावली आहे आणि तिच्यावरून मी भल्याभल्यांशी भांडलो आहे. खेळाडू खोलीत आले की त्यांना राहवत नाही. घामट बोट पुढे करून ‘हा बघा मी’, ‘इथे मला ढकललं’ असं सुरू होतं, आणि ते गेले की मी फडकं घेऊन बसतो. फुटबॉल क्लबच्या स्टँडखाली, बुटांच्या खोलीला लागून ही माझी खोली. झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा बघायचं, कोण कुठे होता आणि कुठे असायला हवा होता हे शोधायचं, आणि कोचला सांगायचं, हे माझं काम. दिवसभर माझ्या तोंडी ‘थांब, मागे घे’ एवढंच असतं, म्हणून सगळे मला मागेघे म्हणतात. पोरं तोंडावर काका म्हणतात आणि पाठ वळली की मागेघे. तर त्या दुपारी बगळ्याने पडद्यावर बोट ठेवलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर फडकं कुठे आहे.

बगळा म्हणजे आमचा डावा विंगर, डाव्या कडेने चढाई करणारा. लांब पाय, त्यात बुटांच्या नाड्या एका पायावर उभा राहून बांधायची सवय, त्यामुळे हे नाव पडलं आणि चिकटलं. तो माझ्या खोलीत कधी येत नसे. त्या दिवशी आला तो बूट बाहेर काढून, दार वाजवून. गेल्या काही मॅच कोच त्याला बाकावरच बसवत होता, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. मी सांगितलं होतं ते असं : घरच्या मैदानावर, पहिल्या अर्धात, चेंडू आपल्याकडून गेला की हा पोरगा गायब होतो. परत बचावाला येतच नाही. मध्यंतरात कोचने झापलं की दुसऱ्या अर्धात मात्र बरोबर येतो. म्हणजे अंगात आहे, पण झापल्याशिवाय निघत नाही. हे मी मोठ्या खात्रीने सांगितलं होतं, कारण मी ते बघितलं होतं, आणि एकदा नाही, मागे घेऊन घेऊन बघितलं होतं. आता कोच त्याला पुढच्या हंगामात दुसऱ्या संघात टाकणार, असं बुटांच्या खोलीत बोललं जात होतं. बगळा स्टुलावर टेकला आणि म्हणाला, “काका, मी वाद घालायला नाही आलो. मला फक्त बघायचंय, मी कुठे थांबतो ते. म्हणजे थांबणार नाही.”

मला तो आवडला, असं काही त्या क्षणी झालं नाही. उलट मनात म्हटलं, चला, आता अक्कल आली. मी रेकॉर्डिंग लावलं. आमचा कॅमेरा स्टँडच्या छपरावर एका जागी बसवलेला आहे, त्यात सगळं मैदान एकदम दिसतं. डाव्या हाताला, गोलच्या मागे, बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं. घरच्या मैदानावर आमचा संघ पहिला अर्ध कायम धुराड्याकडे पाठ करून खेळतो. ही रीत कोणी पाडली ते आता कोणाला आठवत नाही, पण समोरचे संघही ती पाळू देतात. म्हणजे पहिल्या अर्धात आमचा गोल माझ्या पडद्याच्या डावीकडे, दुसऱ्या अर्धात उजवीकडे. हे मी इथे सांगतो आहे आणि वाचणाऱ्याला कदाचित आताच सगळं कळलं असेल. मला ते इतके दिवस कळलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, हा बघ, इथे चेंडू गेला, आता सांग तू कुठे आहेस. बगळ्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असा संकोच होता की जणू माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय आणि मोठ्या माणसाला हे सांगावं कसं, हे त्याला सुचत नाही. मग त्याने हात लांब करून बोट पडद्यावर ठेवलं.

“हा मी आहे, काका,” तो म्हणाला.

बोट होतं तिथे गवत होतं. म्हणजे मला गवत दिसत होतं, सलग, हिरवं, नीट कापलेलं. बोटाबद्दल त्याला बोलावं म्हणून मी मान वळवली, आणि बोटाखाली एक माणूस आला. जीव तोडून आपल्या गोलकडे धावणारा, लांब पायांचा, मान खाली घातलेला. मी पुन्हा समोर बघितलं. गवत. मान वळवली. माणूस. हे मी किती वेळा केलं कोण जाणे. मी दुसरी मॅच लावली, तिसरी लावली, पहिल्या अर्धातला तोच क्षण काढला, आणि प्रत्येक वेळी मान वळवली की तो तिथे होता. बचावाचे बाकीचे लोकही तिथेच होते, पण ते तिथे असणारच असं मी धरून चाललो होतो, त्यामुळे त्यांची कधी उणीव भासली नाही. उणीव भासली ती फक्त याची, कारण याला तिथवर धावत यावं लागत होतं. बगळ्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने टेबलावर हात आपटला असता. तो एवढंच म्हणाला की उजेडाचा प्रॉब्लेम असेल. मग शर्टाची बाही बोटांवर ओढली आणि पडद्यावर उमटलेला आपल्या बोटाचा डाग हळूच पुसून टाकला.

तो गेल्यावर मी दिवा न लावता बसून राहिलो. दुपारच होती, दिवा लावायची गरज नव्हती, पण एरवी मी लावतो. मला ताईची आठवण येत होती. बघायला मला ताईने शिकवलं. ती माझ्याहून मोठी, आणि तिच्या कॉलेजच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. तिच्या मॅचला मी जायचो आणि सगळ्यांसारखा चेंडूमागे डोळे पळवायचो. घरी येऊन ती विचारायची, त्यांची उंच मुलगी कुठे उभी होती रे? मला सांगता यायचं नाही. तेव्हा ती म्हणायची की चेंडूकडे बघू नकोस, चेंडूकडे सगळेच बघतात. मैदानाच्या मधोमध, जिथे कोणी नाही, तिथे नजर ठेव आणि ठेवून दे. हलवू नकोस. कडा आपल्या आपण येतात. सुरुवातीला काहीच यायचं नाही, नुसतं डोळ्यांत पाणी यायचं. मग एक दिवस रिकाम्या गवताकडे बघत बसलो असताना बावीसच्या बावीस माणसं एकदम दिसायला लागली, आणि मी स्टँडवर उभा राहून ओरडलो, तर आजूबाजूचे बघायला लागले की गोल तर झालाच नाही. त्या कौशल्यावर मी आजवर जगलो. मान न हलवता बघणारा माणूस, असा माझा लौकिक. कोच नव्या पोरांना आणून दाखवायचा, बघा, हे कसे बसतात. आणि त्याच न हलणाऱ्या मानेने माझा घात केला होता, कारण कडा आपल्या आपण येणं कधीतरी थांबलं होतं आणि मी मान वळवून खात्री करून घेत नव्हतो.

घरी चालत जायला निघालो. रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी माझा त्यावर विश्वास नव्हता. डावीकडे काय आहे? मान वळवली की बेकरी होती, सायकलींचं दुकान होतं, काठी टेकत एक आजोबा होते. समोर बघितलं की तिथे भिंत होती, फुटपाथ होता, सगळं ठाकठीक आणि रिकामं. काळोख असता तर मला कळलं असतं. काळोख नव्हताच. तिथे माझ्या डोक्याने सोयीचं काहीतरी भरून ठेवलं होतं, आणि मी ते मुकाट्याने खरं मानत होतो. चौकात सिग्नल सुटला तरी मी उभाच राहिलो. एक बाई म्हणाल्या, काका, चला की. मी त्यांच्यासोबत रस्ता ओलांडला. भीती वाटत होती हे सांगायला लाज कसली. नजर गेली तर मी कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, तो त्या झेब्रा पट्ट्यांवर पडला. मला दुसरं काहीच येत नाही. बघणं काढून घेतलं तर खुर्चीत बसलेला एक चिडका माणूस उरेल.

घरी बायकोने चहा ठेवला. उजव्या हाताला. मी कपाकडे बघत राहिलो. तीस-एक वर्षांच्या संसारात चहा नेहमी डाव्या हाताला, कारण उजव्या हाताला माझं वर्तमानपत्र असतं. आता वर्तमानपत्र डावीकडे आणि कप उजवीकडे होता, आणि हे आजचं नव्हतं. मी मनातल्या मनात मागे घेतलं. गेला हिवाळा. कप उजवीकडे. भाजी आणायला दोघं गेलो तो दिवस. ती डावीकडून चालत होती. ती तर कायम उजवीकडून चालायची, उजव्या खांद्याला पिशवी म्हणून. पिशवी कधी बदलली? मी तिला विचारलं की तुला माहीत होतं का. तिने विचारलं, काय? मी सगळं सांगितलं, बगळा, बोट, गवत. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

“माहीत कुठलं,” ती म्हणाली. “तू कप सांडत होतास, मी कप हलवला. रस्त्यात लोकांना धडकायला लागलास, तर मी मध्ये आले.”

मला सांगायचं नाही का, असं मी विचारलं. तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मला शिकवू नकोस, मी दिवसभर बघायचंच काम करतो. हे इतकं खरं होतं की मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती म्हणाली, आता डोळ्यांत पाणी आणू नकोस, आधीच कमी दिसतंय. दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली, डावीकडून चालत.

डॉक्टरीण बाई वयाने माझ्या मुलीएवढी असेल. तिने मला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही, कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही हे कोणाला सांगताय. आयुष्यभर मी हेच केलंय. मी मोठ्या दिमाखात बसलो. दिवे चमकत होते, मी दाबत होतो. मग बराच वेळ काही चमकलंच नाही. मला वाटलं यंत्र अडकलं असेल. बाहेर आल्यावर कळलं की यंत्र मजेत चाललं होतं. कागदावर माझ्या दोन्ही डोळ्यांची नजर छापून आली, त्यात एका अंगाला काळी शाई सांडल्यासारखी दिसत होती. मला काय दिसत नाही, ते मी पहिल्यांदा बघत होतो. काचबिंदू, डॉक्टरीण म्हणाली. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू झिजते, दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली राखायची आहे, थेंब टाकून, न चुकता. तिने विचारलं की घरात आणखी कोणाला होता का. नाही म्हटलं. वडिलांना? नाही, ते नुसते धांदरट होते. म्हातारपणी दाराच्या चौकटीला धडकायचे. ती लिहायची थांबली. म्हणाली की हा आजार बऱ्याचदा घरातून येतो, भावंडं असतील तर त्यांना तपासून घ्यायला सांगा. आणि सगळ्यात शेवटी विचारलं की हे तुमच्या लक्षात कसं आलं. बहुतेकांना काळोख अगदी डोळ्यासमोर येईपर्यंत पत्ता लागत नाही. मी सांगितलं, आमच्या डाव्या विंगरने बोट दाखवलं.

अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, मी डॉक्टरणीला अर्धंच सांगितलं. ते भूगोल शिकवायचे. नोकरीच्या शेवटी शेवटी ते वर्गात मधोमध उभेच राहात नसत, एका कोपऱ्यात, भिंतीला खांदा लावून शिकवायचे, आणि पोरं त्यांना कोपरासर म्हणायची. घरी त्यांनी त्याहून वाईट केलं. जेवायच्या टेबलाशी ते मधे बसायचे, आई समोर, मी आणि ताई दोन बाजूंना. एके दिवशी त्यांनी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पार टोकाला, भिंतीपाशी नेऊन ठेवली. आईने विचारलं, आमच्यात बसायचं नाही का. ते म्हणाले, “इथून बरं वाटतं.” बस्स. आईला ते लागलं. मी तेव्हा नुकता कमवायला लागलो होतो आणि क्लबच्या नोकरीवरून आमची बोलाचाली झाली होती, तेव्हा मी समजलो की हे माझ्यासाठीच आहे. माझ्या शेजारी बसायचं नाही म्हणून हा माणूस टोकाला गेला. त्यानंतर ते जाईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी नीटच वागलो, पण ती खुर्ची माझ्या मनातून कधी हलली नाही.

कोचला सांगणं भाग होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती त्याच्या दाराशी गळून पडली आणि मी सरळ सांगितलं की बगळा परत येत होता, मला तो दिसत नव्हता, आणि दिसणारही नाही. कोच हा फार बोलणारा माणूस नाही. त्याने रेकॉर्डिंग मागवलं, स्वतः बघितलं. मग म्हणाला, म्हणजे मध्यंतरात मी त्याला उगाच झापत होतो. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, आणि माझ्या झापण्याने तो सुधारतो असं आपण दोघं समजत होतो. मी म्हटलं, हो. तो हसला नाही, पण हसायच्या अगदी जवळ आला होता. मी विचारलं की आता माझं काय. त्याने खिडकीतून मैदानाकडे बघितलं. “मॅच काय पळून जातेय?” तो म्हणाला. “तूच तर मागे घेतोस. एकदा बघत होतास, आता दोनदा बघ.” मग बगळ्याला बोलावलं आणि माझ्यासमोर त्याची माफी मागितली. बगळा इतका अवघडला की त्याने आम्हा दोघांचीही माफी मागून टाकली. रविवारी तो पहिल्यापासून खेळला.

दोनदा बघ म्हणणं सोपं होतं, पण मान फिरवत बघितलं की सगळं मैदान एकदम मिळत नाही, तुकडे मिळतात. काही दिवस मी नुसता धडपडलो. मग रेकॉर्डिंगच्या यंत्रात एक बटण सापडलं, जे माझ्यासमोर कायम होतं आणि ज्याचा मी कधी उपयोग केला नव्हता. ते दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. धुराडं उजवीकडे आलं, पाठीवरचे आकडे उलटे झाले, डावखुरे उजवे झाले. मी नजर मधोमध ठेवली, ताईने सांगितली तशी, आणि न हलवता बसलो. माझी गेलेली बाजू माझ्यासमोर आली. आता मी प्रत्येक मॅच एकदा सुलटी बघतो आणि एकदा उलटी, आणि दोन्ही मिळून एक पुरी मॅच होते. उलट्या बघताना मी जुन्या मॅचही काढल्या, मला न दिसलेल्या. काय काय होतं त्या बाजूला. आमचा म्हातारा बचावपटू दर वेळी गोलकीपरच्या पाठीवर थाप मारून पुढे जात होता. बगळा धावत येत होता, चेंडू मिळणार नाही हे उघड असताना येत होता, कोणी बघत नसताना येत होता. मी बघत नव्हतो म्हणून त्याने धावणं सोडलं नाही, याचं मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. माझ्या आयुष्याच्या त्या अंगालाही असंच सगळं चालू होतं. बायको पिशवीचा खांदा बदलत होती. कप हलत होते. आपल्याला दिसत नाही तिथे लोक आपल्यासाठी धावत असतात, हे मला कोणी पुस्तकात लिहून दिलं असतं तर मी पान उलटलं असतं. आता मात्र मी त्या खोलीत एकटा बसून कधी कधी हात जोडतो. कोणाला ते माहीत नाही.

ताईला तपासून घे म्हणून सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली की मी गोलकीपर आहे, मला सगळं दिसतं. मी म्हटलं, मलाही दिसत होतं. मग ती गुपचूप गेली. तिच्या डोळ्यांतही दाब निघाला, पण नस अजून धड होती. वेळेवर आलात, तिच्या डॉक्टरने सांगितलं. माझी दुसरी तपासणी झाली तीत माझा दाबही खाली आला होता, काळी शाई होती तेवढीच होती, वाढली नव्हती. त्या आठवड्यात ताई आमच्याकडे राहायला आली. बॅग उघडायच्या आधी तिने थेंबांची बाटली काढून माझ्या बाटलीशेजारी फ्रीजमध्ये ठेवली आणि म्हणाली, तुझ्या त्या बगळ्याला मला भेटायचंय. त्याला मी गोल मारायला नाही, नुसतं जेवायला बोलावते म्हणून सांग.

दुपारी सगळे जेवायला बसलो. मुलगी आणि जावई आले होते, बगळाही आला होता, आणि दारात बूट काढताना पुन्हा एका पायावर उभा राहिला होता. टेबल भरलं होतं. मी माझ्या नेहमीच्या जागी, मधोमध. गप्पा चालल्या होत्या. जावई काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते, आणि मला उशिरा कळलं की हसण्याचा एक आवाज माझ्या डावीकडून येतोय जिथे कोणीच नव्हतं. मान वळवली तर तिथे मुलगी होती. ती हसत होती, केव्हापासून कोण जाणे. मला ती बघायची होती. मला सगळ्यांनाच बघायचं होतं, एकदम, मान न वळवता. मी उठलो, खुर्ची उचलली, टेबलाच्या डाव्या टोकाला भिंतीपाशी नेली आणि बसलो. आता सगळे माझ्या उजव्या हाताला होते. बायको, मुलगी, जावई, ताई, पार त्या टोकाला मान खाली घालून जेवणारा बगळा. एकही कमी नव्हता.

मुलगी म्हणाली, “बाबा, असे कोपऱ्यात काय बसलात? रुसलात का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “इथून बरं वाटतं.”

ते शब्द माझ्या तोंडून गेल्यावर मला ऐकू आले. ताईचा हात पाण्याच्या पेल्यापाशी थांबला होता. ती माझ्याकडे बघत होती, मग माझ्या खुर्चीकडे, मग खुर्चीमागच्या भिंतीकडे. तिच्या चेहऱ्यावर आमचं जुनं घर येत होतं, ते टेबल, आईचं तोंड फिरवणं, टोकाला बसून एकेकाकडे बघत सावकाश जेवणारे अण्णा. मी मागे घेतलं नाही, तरी ते सगळं आपणहून मागे आलं, आणि या वेळी त्यात दुसरंच काहीतरी चाललेलं होतं.

“आपण सगळे दिसत होतो रे त्यांना,” ताई म्हणाली.

मी मान हलवली. कोणाला काही कळलं नव्हतं. बायकोलाही नसावं, पण ती उठली, माझ्या जुन्या जागेवर राहिलेलं माझं ताट आणि पेला घेऊन आली, ताट समोर ठेवलं आणि पेला उजवीकडे.